घरात घालायला एमसीआरची चप्पल: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स, बाहेरच्या चपला दाराबाहेर काढायची पद्धत, आणि त्यात टाचदुखी. ज्यांच्या घरी हे तिन्ही जमून आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. दिवाळीच्या सुमारास मिरजेहून एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल आणली, ती पावसाळा संपत आला तरी रोज पायात आहे. घरात घालायला काय घेऊ असं कुणी विचारलं तर मी आधी तिचंच नाव घेते. उणिवाही आहेत, त्याही सांगते.

आधी टाचेबद्दल. तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. रात्रभर पाऊल सैल पडून राहिलं की तो आखडतो. म्हणून पलंगावरून उतरल्यावरची पहिली चार पावलं जीव काढतात. थोडं चाललं की बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत ठणका सुरू. हाडांच्या डॉक्टरांनी पिंडऱ्यांना ताण द्यायचे व्यायाम दिले, गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली आणि एक गोष्ट दोनदा बजावली: घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

आपल्याकडे हे पचनी पडायला वेळ लागतो. आमच्या आज्या जन्मभर घरात अनवाणीच वावरल्या, असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण त्यांच्या पायाखाली सारवलेली जमीन होती, आणि स्वयंपाक चुलीपुढे बसून व्हायचा. आपण ओट्यापुढे उभ्या राहतो, एका जागी, तासन्‌तास, आणि खाली अशी फरशी की जी जरासुद्धा दबत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. पुसायला सोपी, डाग धरत नाही, म्हणून आपण ती घेतो. पण त्याच गुणामुळे पाण्याचा एक थेंब सांडला तरी तो वरच राहतो आणि पाय घसरतो. तेव्हा घरातल्या चपलेला दोन कामं करायची असतात: टाचेला आधार द्यायचा आणि ओल्या फरशीवर घट्ट धरायचं. दुकानात चप्पल हातात घेऊन दाबून बघताना दुसऱ्या कामाचा विचार फार थोडे करतात.

एमसीआरच्या आधी आणि तिच्या जोडीनेही इतर प्रकार वापरून पाहिले. केसाळ कापडी स्लीपर थंडीत फार गोड वाटतात. सांगलीची थंडी बेताचीच, त्यामुळे त्यांचं सुख डिसेंबर-जानेवारीपुरतंच. स्वयंपाकघरात त्यांवर तेलाचा शिंतोडा उडाला, हळद सांडली की निघता निघत नाही. धुतल्या की वाळायला दोन दिवस, आणि पावसाळ्यात तर कुबट वास येतो. तळाला नुसतं कापड असेल तर ओल्या टाइलवर त्या चक्क धोकादायक आहेत. वयस्कर माणसांना त्या भेट देऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगते.

सध्या सगळीकडे दिसतात त्या जाड, गुबगुबीत फोमच्या स्लीपर ईव्हीएच्या असतात, म्हणजे इथिलीन विनाइल ॲसिटेट. हलक्या, पाणी न शोषणाऱ्या, साबणाने धुतल्या की झालं. पहिले काही आठवडे मलाही वाटलं की हेच ते. पण फोम टाचेखाली हळूहळू बसत जातो. पाऊल जिथे रोज पडतं तिथे खळगा होतो आणि कडा उंच राहतात, मग टाच आत कलते. बाहेरून चप्पल नवीन दिसते आणि आतला आधार गेलेला असतो. शिवाय धुऊन कडक उन्हात ठेवली तर ती आक्रसते. माझा एक जोड एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळत ठेवला होता, तो चांगला एका नंबरने लहान झाला. बाथरूमसाठी मात्र ईव्हीएच बरी, तिथे माझी अजूनही तीच आहे.

ॲक्युप्रेशरच्या, काट्याकाट्यांच्या चपला घरोघरी असतात. टाच दुखणाऱ्याने त्या घालून ओट्यापुढे उभं राहू नये. त्या टोचण्याने आराम पडतो असा माझा तरी अनुभव नाही, दुखऱ्या जागेवर नेमका जोर येतो. आणि कोल्हापुरी? ती तर आपल्याच भागाची. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मला ती मनापासून आवडते, लग्नकार्यात तीच घालते. पण तिचा तळ कडक आणि सपाट, पाण्याशी वैर, आणि चामडं घरात, विशेषतः स्वयंपाकघरात, आमच्याकडे चालत नाही. तो प्रश्न तिथेच मिटला.

आता एमसीआर. मायक्रोसेल्युलर रबर म्हणजे आत हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असलेलं रबर. आपल्या देशात ते मुळात कुष्ठरोगाने पायांची संवेदना गेलेल्या रुग्णांच्या चपलांसाठी वापरात आलं, पुढे मधुमेहींसाठीही डॉक्टर तेच सांगू लागले. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीचं रिचर्डसन रुग्णालय आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे नाव अगदीच परकं नाही. चपलेत वर एमसीआरचा मऊ थर असतो आणि खाली कडक रबराचा खाचांचा तळ. अंगठ्याने जोरात दाबलं की वरचा थर आत जातो, सोडलं की लगेच वर येतो. गुबगुबीत स्लीपर याहून खोल दबते, पण अंगठा पार तळाला टेकतो. माझ्या टाचेला फरक पडला तो इथेच. टाच थोडी रुतते आणि मग खालून काहीतरी तिला धरतं.

पहिले आठ-दहा दिवस ती मला जड वाटली. ईव्हीएच्या मानाने आहेच जड. मग सवय झाली. सकाळची पहिली पावलं सुधारायला दोनेक महिने गेले, आणि त्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय चपलेला देणं बरोबर नाही. पण व्यायाम चालू असताना एकदा गावी चप्पल न नेता चार दिवस राहिले, तेव्हा शहाबादी फरशीवर तिसऱ्या दिवशी टाच परत बोलू लागली. पलंगाशेजारीच जोड ठेवायचा आणि पाय खाली टेकायच्या आधी घालायचा, हे मात्र पाळावं लागतं.

आज जोड उलटा करून बघितला तर तळाच्या खाचा टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजल्यात, बाकी जशाच्या तशा. वरच्या थरावर अंगठ्याचा आणि टाचेचा ठसा उमटलाय, खळगा नाही. मऊपणा थोडा कमी झालाय, तो मोजून सांगता येईल असा नाही, पण हाताला कळतो.

घरातल्या पद्धतीचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंचा सुरुवातीला विरोध होता. चप्पल घालून स्वयंपाकघरात फिरायचं म्हणजे काय! मी वाद घातला नाही. "आई, ही उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, आणि देवघरापाशी निघेल," एवढं सांगितलं आणि तसंच पाळलं. गौरी-गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाक होईपर्यंत ती बाजूलाच असते, त्या दिवशी ओट्यापुढे जाड सतरंजी दुमडून घालते. नियम मोडायची वेळ एकच येते, घंटागाडी आली की. हातात बादली, गाडी पुढे निघालेली, आणि माणूस आहे त्या पायाने धावतो. त्यासाठी दाराबाहेर एक साधी हवाई चप्पल कायम ठेवली आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायलाही तीच.

पुढे आईंनीच ही चप्पल घातली, त्याचं कारण वेगळं. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. एका रात्री मी त्यांचे पाय पुसत होते तर तळव्यात साडीची पिन रुतलेली, भोवती लाल झालेलं, आणि त्यांना पत्ताच नाही. डॉक्टरांनी सांगितलं की संवेदना कमी झालेल्या पायाने घरातही अनवाणी राहू नये, आणि रोज रात्री तळवे तपासावेत. त्यांच्या चपलेला मागून पट्टा लागतो, कारण पायातून चप्पल निसटली तरी अशा पायाला कळत नाही. अंगठ्याची चप्पलही नको, बोटांच्या बेचक्यात घासून जखम होते. आईंची पुढून रुंद आणि मागून पट्ट्याची आहे. आता त्या आठवणीने स्वतःच मागतात, "माझी घरातली दे गं."

उणिवा. वेल्क्रो सगळ्यात आधी हार मानतं. त्यात केस, दोरे, पोळीचं पीठ अडकतं. जुन्या दातांच्या ब्रशने साफ करते, तरी एका पायाचा पट्टा आता सैल धरतो. दिसायला ती साधी, रंग काळा नाहीतर तपकिरी, पाहुण्यांसमोर मुलगी नाक मुरडते. उन्हाळ्यात पट्ट्याच्या आतल्या रेक्झिनखाली घाम येतो. आणि एमसीआर म्हणून फोमच विकणारी दुकानं आहेत. कडेने बघा, दोन थर वेगळे दिसले पाहिजेत, आणि वजन हाताला जाणवलं पाहिजे.

घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं येतं. दोन्ही पायांत घालून दुकानाच्या फरशीवर चाला, नुसतं बसून बघू नका. टाचेमागे करंगळीएवढी जागा राहू द्या. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस तासा-दोन तासांनी काढून पाय बघा, मधुमेह असेल तर नक्कीच. धुवायला साधा साबण आणि नरम ब्रश, वाळवायला सावली.

माझा जोड बहुधा पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल. मिरजेच्या दुकानदाराला वेल्क्रोऐवजी बक्कल लावून मिळेल का विचारलं, तर चांभाराकडून करून देतो म्हणाले, वर थोडे पैसे पडतील. आईंच्या जोडाला आधी तेच करून घेणार आहे.