सीट बदलून मागितली तर द्यायची का? एसटी, रेल्वे आणि विमान

अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं. नागपूरचं सोनेगाव विमानतळ तर आधीपासून आहेच. दर्यापूर, पुसद, आर्वीकडचे आईबाप आता लेकाकडे जायला विमानाचं तिकीट काढतात. आत जाऊन बसलं, पट्टा लावला, की कोणी तरी विचारतं, "भाऊ, जरा तिकडं बसता का? आम्ही दोघं सोबत आहोत." याचं उत्तर आपण एसटी आणि रेल्वेच्या सवयीनं देऊन टाकतो. पण तिन्ही ठिकाणी जागा सोडण्याचा हिशेब सारखा नाही.

एसटीबद्दल फार बोलायचं कारण नाही. आरक्षण नसेल तर खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हे सगळ्यांना मान्य असतं. म्हातारं माणूस किंवा कडेवर लेकरू घेतलेली बाई उभी दिसली की उठायचं. वर्धा-आर्वीसारखा प्रवास उभ्यानंही होतो.

रेल्वेत जरा विचार लागतो. विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाहून मुंबईला जाताना रात्र गाडीतच काढावी लागते. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांना शक्य असेल तर लोअर बर्थ मिळावा, अशी सोय आरक्षणात आहे, पण उरलाच नसेल तर अप्पर येतो. गुडघे दुखणाऱ्या मावशीला रात्री दोनदा त्या शिडीवरून उतरायला लावणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. उलट देणाऱ्याचं काय जातं? एकाच वर्गात वरच्या आणि खालच्या बर्थचं भाडं सारखंच असतं. खालच्या बर्थवर दिवसा तसंही सगळे बसतात, आडवं होता येतं ते रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणून धडधाकट माणसानं लोअर बर्थ द्यावा, असं माझं ठाम मत आहे. टीसीला तेवढं सांगून ठेवावं.

विमानात हे पारडं बहुतेक वेळा उलटं असतं. बऱ्याच कंपन्या पुढची, खिडकीची, पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट वेगळे पैसे घेऊन देतात. म्हणजे तुमच्याकडे मागितली जाणारी सीट कदाचित तुम्ही विकत घेतलेली आहे. आणि मागणाऱ्याची गरज? नागपूर-मुंबई विमानप्रवास साधारण दीड तासाचा. नवराबायको तेवढा वेळ वेगळे बसले तर कोणाचं काही अडत नाही.

म्हणून आधी बदल्यात कोणती सीट मिळते ते विचारा. देशातल्या बहुतेक मोठ्या विमानांत दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. खिडकीच्या बदल्यात जवळचीच खिडकी मिळत असेल तर खुशाल द्या. मधली देऊन तुमची खिडकी मागत असतील, तर "नाही जमत भाऊ, ही सीट मी मुद्दाम घेतली," एवढं पुरे. कारण सांगत बसायची गरज नाही. आपल्याकडे नाही म्हणणं जड जातं, चार माणसं पाहत असली की आणखीच. पण फायदा मागणाऱ्याचा असेल तर तोटाही त्यानंच सोसावा, यात माणुसकी कुठं कमी पडत नाही.

सीट किती मागे आहे हेही पाहा. तुम्ही सहाव्या रांगेतून बाविसाव्या रांगेत गेलात आणि बॅग सहाव्या रांगेवरच राहिली, तर उतरताना पुढची गर्दी हलेपर्यंत बॅगेपाशी पोचता येत नाही. तोवर थांबा. बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानात गोष्ट वेगळी. तिथं दोन-दोन सीट असतात, मधली सीटच नाही, आणि चढायचं-उतरायचं दार मागे असतं. त्यामुळे मागची सीट घेतली तर उलट लवकर उतरता. मात्र छोट्या विमानात वजनाचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून हवाईसुंदरीला विचारल्याशिवाय पुढचं माणूस मागे जाऊ नये. आपत्कालीन दरवाजाजवळच्या सीटची तर परस्पर अदलाबदल करूच नये. लहान मूल किंवा गरोदर बाई तिथं बसवत नाहीत.

तरीही दोन प्रसंगांत मी मधली सीटही घेईन. एक, आईपासून लेकरू वेगळं पडलेलं असेल तर. खरं तर ही वेळ यायलाच नको. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंगमधल्या) निदान एका पालकाजवळ बसवा, असं डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. त्या आईनं तुमच्याआधी कर्मचाऱ्यांना सांगायला हवं, आणि तिला ते ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. दुसरा प्रसंग म्हणजे पहिल्यांदा बसलेले काकाजी-काकी. पट्टा कसा लावायचा ते कळत नाही, घोषणा इंग्रजी-हिंदीत, आणि जीव धास्तावलेला. तिथं दीड तासही मोठा असतो.

एक प्रकार मात्र खपवून घेऊ नये. तुम्ही पोचण्याआधीच कोणी तुमच्या सीटवर बसलेलं असतं आणि वर म्हणतं, "बसा न तिकडं, काय फरक पडते?" एसटीतला रुमाल विमानात चालत नाही. वाद घालू नका, बोर्डिंग पास हवाईसुंदरीला दाखवा.

आणि आईबापाचं तिकीट पुण्यात बसून काढणाऱ्या लेकानं हे ओझं अनोळखी माणसावर टाकू नये. पैसे न भरता वेब चेक-इन केलं तर जोडीच्या सीट मिळतीलच असं नसतं. दोन सीटचे पैसे तिकीट काढतानाच भरा. ते शक्य नसेल तर आईबापाला विमानतळावर लवकर पोचवा आणि काउंटरवर विचारायला सांगा. विमान भरायच्या आधी तिथल्या मुलीला मोकळ्या सीट दिसत असतात, आणि ती कोणाला न उठवता दोघांना शेजारी बसवू शकते.