फ्रॉइडला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहाचं परीक्षण

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ साली मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याची कागदपत्रं ऑनलाइन खुली केली. तिथे जाणारे बहुतेक जण पत्रं आणि हस्तलिखितं बघतात आणि परततात. ज्यांना मनोविश्लेषणाचा इतिहास माणसांच्या तोंडून ऐकायचा आहे, त्यांनी मात्र सरळ मुलाखतींच्या विभागात शिरावं. फ्रॉइडचे रुग्ण, शिष्य, त्याच्याशी फाटलेले सहकारी, घरचे, ओळखीचे अशा अनेकांच्या आठवणी तिथे टंकलिखित पानांवर आहेत. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. इतक्या मोलाचा ऐवज इतक्या मोकळेपणाने क्वचितच मिळतो. पण तो वापरायला सोपा नाही, आणि नीट न वापरला तर सपशेल चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

आधी हा ऐवज जमला कसा ते माहीत हवं, कारण त्याचे गुण आणि दोष तिथूनच आले आहेत. व्हिएन्नात जन्मलेले आणि नंतर अमेरिकेत गेलेले मनोविश्लेषक कुर्ट आइसलर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिग्मंड फ्रॉइड अर्काइव्ह्ज’ ही संस्था उभी केली. फ्रॉइड १९३९ मध्ये गेला होता आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेली पिढी म्हातारी होत चालली होती. आइसलर टेपरेकॉर्डर घेऊन त्या माणसांकडे गेले. ऑक्टोबर १९५२ मध्ये फ्रॉइडचा एकेकाळचा शिष्य विल्हेल्म राइख, डिसेंबर १९५२ मध्ये संगीत समीक्षक माक्स ग्राफ, ऑगस्ट १९५३ मध्ये फ्रॉइडपासून फुटून निघालेला स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग. ‘वुल्फ मॅन’ या नावाने प्रसिद्ध असलेला फ्रॉइडचा रुग्ण सर्गेई पांकेयेफ याच्याशी तर ते वर्षानुवर्षं बोलत राहिले. जमलेला सगळा माल संस्थेने लायब्ररीच्या स्वाधीन केला.

मुलाखत शोधताना सर्वसाधारण शोधपेटीत नाव टाकून निकालांच्या ढिगाऱ्यात हात घालू नका. आधी संग्रहाची शोधसूची उघडा. बॉक्स आणि फोल्डरनिहाय केलेली ही यादी आहे. तिच्यात मुलाखती आणि आठवणींचा विभाग गाठा, हवं ते आडनाव शोधा, बॉक्सचा क्रमांक टिपून घ्या आणि तिथून प्रतिमांकडे जा. रशियन किंवा पूर्व युरोपीय नावांची रोमन स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे होतात, तेव्हा एका स्पेलिंगने काही मिळालं नाही म्हणून तो कागद नाहीच असं समजू नका. इथे एक नोंद म्हणजे बहुधा एक अख्खा फोल्डर असतो, एक कागद नव्हे. त्यात मुलाखतीच्या दोन प्रती, सोबतचा पत्रव्यवहार आणि दुरुस्त्या एकामागोमाग येतात. पहिल्या प्रतिमेपासून शेवटच्या प्रतिमेपर्यंत एकदा नुसतं चाळा, कुठे काय सुरू होतं ते लिहून ठेवा आणि मगच वाचायला बसा. हा अर्धा तास वाचवायला गेलात तर एकाच मुलाखतीच्या कच्च्या आणि पक्क्या प्रतीतली वाक्यं तुमच्या टिपणांत हमखास मिसळतील.

दुसरी अडचण भाषेची. युंग आणि ग्राफ यांच्यासह अनेक मुलाखती जर्मनमध्ये आहेत. इंग्रजीवर भागवणाऱ्यांना राइखची मुलाखत सोयीची, पण तिच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येत नाही. पानं म्हणजे मजकूर नव्हे, चित्रं आहेत. म्हणून प्रतिमा मोठ्या आकारात उतरवून घ्या आणि अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा जर्मनच निवडा. इंग्रजीवर ठेवली तर स्वरांवरची टिंबं गळतात आणि नंतर शोध घेताना शब्द सापडत नाहीत. कार्बन प्रती फिक्या आहेत. तिथे उतरवलेल्या प्रतिमेचा काँट्रास्ट वाढवून मग अक्षरओळख चालवावी, आणि नावं, आकडे, तारखा डोळ्यांनी तपासाव्यातच. तांत्रिक माहिती असलेल्यांना संग्रहाची माहिती जेसन या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपातही मागता येते. मात्र मागण्यांच्या वेगावर मर्यादा आहे. स्क्रिप्टने भराभर पानं ओढली तर काही काळ वाट अडवली जाते, म्हणून दोन मागण्यांमध्ये काही सेकंद सोडावेत.

आता या मुलाखती वाचायच्या कशा? माक्स ग्राफचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आठवणींचं मोल आणि धोका दोन्ही एकत्र दिसतात. ग्राफ हा व्हिएन्नातला संगीत समीक्षक. १९०९ साली फ्रॉइडने ‘छोटा हान्स’ नावाने जे प्रकरण प्रसिद्ध केलं, त्यातला घोड्यांना भिणारा मुलगा म्हणजे याचा मुलगा हर्बर्ट. मुलाचं विश्लेषण मुख्यतः बापानेच केलं, फ्रॉइडच्या मार्गदर्शनाखाली. या माणसाने आपल्या आठवणी दोनदा सांगितल्या. १९४२ मध्ये लेख लिहून, आणि १९५२ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, आइसलरसमोर बोलून. मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला फ्रॉइडने स्वतः जिने चढून एक झुलता लाकडी घोडा आणून दिला होता, ही गोष्ट लेखात आहे. घोड्याच्या भीतीवर उभ्या असलेल्या १९०९च्या प्रकरणात या भेटीचा पत्ता नाही. मुलाची आई लग्नाआधी फ्रॉइडची रुग्ण होती, आणि त्या लग्नाची आतली हकिकत काय, हे मुलाखतीतून उलगडतं. हर्बर्ट पुढे ऑपेरा दिग्दर्शक झाला, आणि १९५९ मध्ये आइसलर यांनी त्याचीही मुलाखत घेतली. म्हणजे एकाच घराबद्दल १९०९चं छापील प्रकरण, १९४२चा लेख, १९५२ची बापाची मुलाखत आणि १९५९ची मुलाची मुलाखत असे चार थर हाती येतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. कुठली गोष्ट कुठल्या थरात पहिल्यांदा येते, कुठून गायब होते, याचा साधा तक्ता करा. एकट्या मुलाखतीवर विसंबणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

अंतराचाही हिशेब ठेवावा लागतो. युंग आणि फ्रॉइड पहिल्यांदा भेटले मार्च १९०७ मध्ये, आणि युंग त्याबद्दल आइसलरशी बोलतो १९५३ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं रिकामी नव्हती. मैत्री तुटली, दोन वेगळे पंथ उभे राहिले, दोन महायुद्धं झाली, आणि तीच गोष्ट त्याने कितीतरी जणांना सांगितली असणार. वारंवार सांगितलेली आठवण घोटीव होते. उलट जिथे सांगणारा अडखळतो, तारीख चुकवतो, मग स्वतःलाच दुरुस्त करतो, ती जागा अनेकदा जास्त विश्वासाची असते. टंकलिखित पानावर अडखळणं पुरतं उतरत नाही, आणि या संग्रहाची सर्वांत मोठी उणीव तीच आहे. वाचताना समोर असतं ते शब्दांकन, आवाज नव्हे. टेपवरचं कळलं नाही तिथे पानावर मोकळी जागा किंवा ठिपके दिसतात, पण ती जागा आवाज अस्पष्ट असल्यामुळे पडली, माणूस गप्प बसला म्हणून, की नाव मुद्दाम वगळलं म्हणून, हे पानावरून ठरवता येत नाही. अशा जागेवर कोणताही सिद्धान्त उभारू नये.

मुलाखतकाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आइसलर फ्रॉइडचे कट्टर निष्ठावंत होते. त्यांची चिकाटी अफाट, आणि ती नसती तर यातलं काहीच उरलं नसतं. पण प्रश्न पुन्हा पुन्हा फ्रॉइडकडे वळतात. तो कसा बसायचा, काय म्हणाला, कोणावर रागावला. समोरचा स्वतः मनोविश्लेषक असला तरी त्याचं स्वतःचं काम कसं चालायचं, आठवड्याला किती तास, फी किती, शिकाऊ विश्लेषकावर देखरेख कोण आणि कशी ठेवायचं, हे मागे पडतं. व्यवसायाचा इतिहास शोधणाऱ्याला या विभागात निम्मंच जेवण मिळेल.

उरलेलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली तिथे मौखिक इतिहासाचं, म्हणजे मुलाखतींतून नोंदवलेल्या आठवणींचं, केंद्र सुरू केलं, आणि १९६०च्या दशकात ब्लूमा स्वेर्डलॉफ यांनी सँडॉर राडो, अब्राम कार्डिनर, हाइन्झ हार्टमन अशा विश्लेषकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. इथे माणसाचं आयुष्य मध्यभागी आहे: बालपण, शिक्षण, प्रशिक्षण, संस्थांमधली भांडणं, स्थलांतर. विश्लेषकांच्या अशा आठवणींमधून किती ठोस माहिती मिळते याचा मासला कार्डिनरकडे आहे. १९२१ मध्ये तो फ्रॉइडकडे विश्लेषणासाठी गेला, ताशी दहा डॉलर देऊन. फ्रॉइडकडे पाच जणांना सहा दिवस रोज एक असे आठवड्याचे तीस तास होते आणि माणसं सहा झाली. तोडगा निघाला तो असा की प्रत्येकाचा एक तास कमी करायचा. सहा जणांना पाच-पाच, पुन्हा तीसच. आठवड्यातून किती वेळा यायचं या प्रश्नावर पुढे एवढी शास्त्रार्थाची चर्चा झाली, पण या प्रसंगी आकडा ठरला तो वेळापत्रकाच्या गणिताने. अशी गोष्ट सिद्धान्ताच्या ग्रंथात येत नाही, विद्यार्थ्याच्या आठवणीतच येते.

कोलंबियाची पद्धतही समजून घ्यावी. सुरुवातीच्या काळात तिथे टाइप केलेलं शब्दांकन हाच मूळ दस्तऐवज मानत, आणि सांगणाऱ्याला ते दुरुस्तीसाठी परत पाठवत. त्यामुळे वाक्यं नेटकी असतात, पण बोलण्यातला घसरलेला शब्द पुसला गेलेला असण्याची शक्यता असते. मनोविश्लेषणात अशा घसरलेल्या शब्दालाच अर्थ असतो, म्हणून त्याच्या इतिहासात हे नुकसान विशेष बोचतं. शिवाय प्रत्येक मुलाखतीच्या पाहण्या-छापण्याच्या अटी वेगळ्या, आणि सगळं घरबसल्या मिळेल असं नाही. सोयीच्या बाबतीत वॉशिंग्टनचा संग्रह उजवा, विचारलेल्या प्रश्नांच्या बाबतीत कोलंबियाचा.

आणखी एक गोष्ट परीक्षणात यायलाच हवी: कुलूप. आइसलर यांच्या संस्थेने यातले बरेच कागद दीर्घकाळ बंद ठेवले. एका पत्रावर ते २१०२ सालापर्यंत बंद ठेवण्याची अट घातली गेल्याचं अनेक ठिकाणी छापून आलं आहे. १९८०च्या दशकात यावरून मोठं वादळ उठलं, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मनोविश्लेषक हॅरोल्ड ब्लूम संस्थेचे सूत्रधार झाल्यावर दारं हळूहळू उघडली. रुग्णांची गुप्तता जपणं योग्यच होतं. पण सांगणाऱ्याची इच्छा आणि गोळा करणाऱ्याची भीती यांत फरक न केल्याने दोन पिढ्यांचे अभ्यासक अर्धवट पुराव्यावर भांडत राहिले. राइखची मुलाखत तर १९६७ मध्येच राइखच्या बाजूच्या लोकांकडून पुस्तकरूपात आली होती. सांगणाऱ्याकडे स्वतःची प्रत असली की काय होतं, ते यातून कळतं.

जे स्वतः विश्लेषकांच्या मुलाखती नोंदवत आहेत, त्यांना हा संग्रह म्हणूनच नमुना म्हणून वाचायला सांगेन. संमतीपत्रात खुलं, अमुक वर्षापर्यंत बंद आणि नाव वगळून खुलं असे तीन पर्याय ठेवा, आणि ते अख्ख्या मुलाखतीला नव्हे तर भागाभागाला लावता येतील असे ठेवा. निवड सांगणाऱ्याची असावी, तारीख ठोस असावी. ‘योग्य वेळी’ असं लिहू नका. ती वेळ कोणीच ठरवत नाही. रुग्णाचं नाव तोंडातून निघालंच तर मूळ ध्वनिफाइल न कापता बंद ठेवा आणि वाचकांसाठी वेगळी प्रत करा. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर ठेवली तर स्टीरिओत तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. शब्दांकनात दर मिनिटाला वेळेची खूण घाला आणि मोकळ्या जागेचं कारण तिथल्या तिथे लिहा: आवाज अस्पष्ट, शांतता, की वगळलं. वॉशिंग्टनच्या पानांवर वाचक नेमका इथेच अडतो.

संदर्भ देताना फक्त ‘फ्रॉइड संग्रह’ असं लिहून भागत नाही. मुलाखत देणाऱ्याचं नाव, तारीख, बॉक्स, फोल्डर आणि प्रतिमेचा क्रमांक लिहा, कारण टंकलिखितावरचे पृष्ठक्रमांक आणि पडद्यावरचे प्रतिमाक्रमांक जुळतीलच असं नाही. छापायचं असेल तर हक्कांची चौकशी स्वतः करावी लागते. कागद लायब्ररीकडे आहेत म्हणजे प्रत्येक मजकुराचा हक्कही तिच्याकडे आहे असं नव्हे. सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर जर्मन येणाऱ्यांनी माक्स ग्राफपासून करावी, न येणाऱ्यांनी राइखपासून. आणि दोघांनीही त्यानंतर लगेच कार्डिनर वाचावा.