प्लाझ्मा क्लीनर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्याजवळच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मेजावर मावणारा प्लाझ्मा क्लीनर, म्हणजे विरळ वायूत वीज खेळवून पृष्ठभाग स्वच्छ करणारे यंत्र, डिसेंबरात आला. काचेवर झिंक ऑक्साइडचे पातळ थर चढवून वायूसंवेदक बनवणे हे आमचे काम असल्याने हा अभिप्राय त्याच अंगाने वाचावा. नुसत्या काचा स्वच्छ करण्यासाठी यंत्र घेणाऱ्यांना यातील निम्म्या तक्रारी लागूही पडणार नाहीत.

कोऱ्या काचेवर यंत्राचे काम चोख आहे. ऑक्सिजनमध्ये ५ मिनिटे ठेवलेल्या काचेवर पाण्याचा थेंब गोल न राहता बघता बघता पसरतो आणि द्रावण सगळीकडे सारखे बसते. हा गुण हवेत ओसरत जातो, त्यामुळे काच बाहेर काढल्यावर लगेच वापरावी लागते.

पंचाईत झाली ती तयार थर आत ठेवल्यावर. ‘कोणत्याही पृष्ठभागासाठी सुरक्षित’ या माहितीपुस्तिकेतील वाक्यावर विसंबून मी एक थर पूर्ण शक्तीवर १० मिनिटे आर्गॉनमध्ये ठेवला. डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही, पण मेगाओहममध्ये असणारा रोध किलोओहमवर आला होता. आधी मी रोध मोजणाऱ्या प्रोबलाच दोष दिला आणि अर्धी सकाळ जोडण्या तपासण्यात घालवली.

कारण थराच्या पृष्ठभागावरच होते. यंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या विद्युतक्षेत्रात हलके इलेक्ट्रॉन चटकन हलतात आणि जड आयन (वायूचे विद्युतभारित अणू) मागे राहतात, त्यामुळे वीज दिलेल्या इलेक्ट्रोडवर ऋण विभव साठतो व आयन त्यावर वेगाने आदळतात. आमचा ट्रे नेमका त्याच इलेक्ट्रोडवर होता. या माऱ्यात जस्तापेक्षा हलका असलेला ऑक्सिजन अधिक सहज उडून जातो, त्याच्या रिकाम्या जागा उरतात आणि पृष्ठभागाजवळ मोकळे इलेक्ट्रॉन वाढून रोध घसरतो. पृष्ठभागावर चिकटणाऱ्या ऑक्सिजनवरच ज्याचे काम चालते, त्या संवेदकाला हे मारकच आहे. शिवाय आर्गॉनच्या प्रकाशात १०४.८ आणि १०६.७ नॅनोमीटरच्या अतिनील रेषा असतात; त्यांच्या फोटॉनची ऊर्जा जवळजवळ १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर झिंक ऑक्साइडमधील ऊर्जापट्ट्यांचे अंतर, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, सुमारे ३.३. पुढच्या थराचा अर्धा भाग मी कव्हरस्लिपने (पातळ काचेच्या चकतीने) झाकला आणि तो वाचला, पण काच आयनही अडवते आणि हे किरणही, त्यामुळे खरा गुन्हेगार कोण ते या प्रयोगातून ठरले नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जुलैत चेंबरमधली हवा उपसायला पंपाला जवळपास दुप्पट वेळ लागू लागला आणि आर्गॉनच्या फिकट जांभळ्या उजेडात गुलाबी झाक दिसू लागली. चेंबरच्या भिंतींना धरलेल्या ओलाव्यातून प्लाझ्मात हायड्रोजन सुटतो, आणि तो झिंक ऑक्साइडमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन देतो. जानेवारीतले आकडे जुलैत जुळेनात. आता नमुना ठेवण्यापूर्वी रिकामे चेंबर १५ मिनिटे चालवतो.

विक्रेत्याविषयी नाराजी एकच. ऑक्सिजन ओढणाऱ्या पंपात साधे खनिज तेल धोक्याचे असते, फ्लोरिनयुक्त तेल लागते, हे त्यांनी आपणहून सांगायला हवे होते. ते आम्हाला दुसरीकडून कळले.

सध्या थर वरच्या, अर्थिंग केलेल्या (जमिनीशी जोडलेल्या) फळीवर ठेवून सर्वांत कमी शक्तीवर ऑक्सिजनमध्ये ३० सेकंद देतो आणि त्याच काचेवरून कापलेला एक तुकडा प्रत्येक वेळी तुलनेसाठी बाहेर राखून ठेवतो. बिघडलेले थर हवेत ४०० अंश सेल्सिअसला तापवले की रोध बराचसा परत येतो. पहिल्या थराचा मात्र आला नाही. तो खिडकीजवळच्या डबीत ठेवला आहे.