बंबाचं इंजिन ट्रकवाल्याकडे नको, बोटवाल्याकडे न्या

रत्नागिरीकडे जुन्या पेट्रोल इंजिनाचं काम मन लावून कोण करतं, असं मला बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी मुंबई अग्निशमन दलात ड्रायव्हर-ऑपरेटर होतो, निवृत्त होऊन गावी नेवऱ्याला आलो. चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांगणार आहे. शेवटी माझे पैसे आणि माझा बंब.

बंब आहे बेडफर्ड. घाटावरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात, भंगाराच्या भावाने घेतला. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीने 1931 पासून बेडफर्ड नावाने ट्रक काढले, त्या घराण्यातलं हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. 300 घनइंच, म्हणजे 4.9 लिटर. मागे पंप, त्याच्या प्लेटवर मिनिटाला 1800 लिटर, 7 किलोच्या दाबाला, असं कोरलेलं. पितळी घंटा जागेवर होती. बाकी सगळं गंजाने खाल्लेलं, कारण सायलेन्सरचं तोंड वर आणि त्यावर झाकण नाही. पावसाचं पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये. पाचवा आणि सहावा पिस्टन जाम.

पहिल्यांदा मी तो घाटावरच्याच एका ट्रक गॅरेजमध्ये ठेवला. तिथे चार महिने गेले. त्यांचं एकच पालुपद, "हे काढून टाका, डिझेल इंजिन बसवून देतो." मी नाही म्हटल्यावर त्यांनी हेड उघडून तसंच ठेवलं, वर गोणपाट टाकलं, आणि नट-बोल्टचा डबा हरवला. हेडचे तीन स्टड अजूनही मूळचे नाहीत. शेवटी मी क्रेन लावून बंब खाली आणला, आंबा घाटातून, सकाळी पाच वाजता.

मिरजोळे एमआयडीसीतलं हे वर्कशॉप मला मिरकरवाड्याच्या एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, सांगितलं. पाटी नाही. निळ्या पत्र्याची शेड, दारात ट्रॉलरची दोन-तीन इंजिनं उघडी पडलेली, आत एक लांब लेथ आणि एक बोअरिंग मशीन. मेस्त्री साठीच्या आसपासचे, हाताखाली दोन मुलं. त्यांचं रोजचं काम मच्छीमार बोटींचं. मला मनातून शंका आली. बोटीवाल्याला बेडफर्ड काय कळणार?

त्यांनी बंबाभोवती एक फेरी मारली, बॉनेट वर केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा उभ्या जागी किती तास चालायचा?"

एवढ्या वर्षांत कुठल्या मेकॅनिकने मला हे विचारलं नव्हतं, आणि बंबाच्या इंजिनाचं सगळं मर्म याच प्रश्नात आहे. ट्रक रस्त्यावर पळतो, रेडिएटरला समोरून वारा मिळतो. बंब आगीच्या ठिकाणी उभा राहतो आणि तिथेच त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. पंप पूर्ण जोरात, इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर, वारा शून्य. म्हणून बंबात जास्तीची सोय असते. पंपाचंच थोडं गार पाणी एका तांब्याच्या कॉइलमधून फिरतं, ती कॉइल इंजिनाच्या पाण्यात बुडालेली असते, उष्णता घेऊन ते पाणी परत टाकीत जातं. बोटीच्या इंजिनाचंही हेच गणित. त्यालाही वारा नसतो, तेही तासन्‌तास एका लयीत ओढत राहतं, त्यालाही बाहेरच्या पाण्याने गार करावं लागतं. मेस्त्री चाळीस वर्षं हेच करत आले होते. माझी शंका तिथेच मिटली.

माझ्या बंबातली ती कॉइल कुणीतरी कापून दोन्ही टोकांना बूच मारलं होतं.

आता काम. जाम पिस्टनवर रॉकेल आणि गिअर ऑइल ओतून आठ दिवस तसंच ठेवलं. रोज सकाळी आंब्याच्या लाकडाचा ठोकळा ठेवून हलके दोन ठोके, बस्स. नवव्या दिवशी पाचवा सुटला, सहाव्याला अजून चार दिवस लागले. कुठेही घण घातला नाही. बोअर तीस थाउने, म्हणजे इंचाच्या तीस हजारांशाने, मोठा केला. पिस्टन-रिंगा मी स्वतः कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन फेऱ्या मारून मिळवल्या, चौथ्या फेरीत हेड गॅस्केट. क्रँक ग्राइंड झाला, बेअरिंग नवी. ब्लॉकचे वेल्श प्लग, म्हणजे बाजूची पत्र्याची बुचं, काढले तर पाण्याच्या वाटा चिखलाने आणि गंजाच्या पापुद्र्यांनी गच्च भरलेल्या. लोखंडी तारेने खरवडून काढलेला माल तेलाच्या डब्यात अर्ध्याच्या वर भरला. असं इंजिन कितीही चांगलं बोअर करा, ते तापणारच.

व्हॉल्व्हच्या सीट त्यांनी कडक धातूच्या घातल्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. आपल्याकडे 2000 साली शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं, तेव्हापासून मूळच्या मऊ सीट ताणाखाली झिजतात. आता तर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या कोकणातल्या हवेत तर बोलायलाच नको. मेस्त्रींनी इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घातले आणि मला ताकीद दिली, "बंद करताना चावीने बंद करायचा नाय. कॉक बंद करा, कार्ब्युरेटर कोरडा पडून आपोआप बंद होऊ दे." मी तसंच करतो. आजवर एकदाही जेट चोंदला नाही.

कॉइलसाठी ते मला राजापूरकडच्या एका तांबटांकडे घेऊन गेले. आपल्या घरी अंघोळीचं पाणी तापवायचा जो तांब्याचा बंब असतो, तो घडवणारे हे शेवटच्या काहींपैकी एक. एका बंबाचा कारागीर दुसऱ्या बंबाची कॉइल करणार, याचा मला फार आनंद झाला. त्यांनी तांब्याची नळी आधी विस्तवावर लाल करून पाण्यात बुडवली, म्हणजे ती मऊ होते. मग तव्यावर कोरडी केलेली बारीक रेती नळीत भरली, काठीने टिचक्या मारत, कुठे पोकळी राहू नये म्हणून. दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकल्या. रेती नसेल तर नळी वळवताना चिमटते आणि पाणी अडतं. मग सागवानी ओंडक्यावर सावकाश वेढे घेतले. अकरा वेढे. एकाही वेढ्याला सुरकुती नाही. रेती काढायलाच तासभर गेला, नळी उलटी धरून टकटक करत. मी तिथे स्टुलावर बसून सगळं पाहिलं आणि दोनदा चहा प्यायलो.

फरक आकड्यांत सांगतो. कॉइलशिवाय, फक्त रेडिएटरवर, पंप चालू ठेवल्यावर वीस मिनिटांत पारा 98 वर गेला आणि आम्ही इंजिन बंद केलं. कॉइल जोडल्यावर तेच इंजिन, तोच पंप, सलग तीन तास, पारा 82 च्या वर हलला नाही. त्या तीन तासांत चाळीस लिटरच्या वर पेट्रोल गेलं. ते मी आनंदाने दिलं.

पंपाचा शाफ्ट रेतीने खरवडलेला होता. त्यावर लेथवर स्लीव्ह चढवली, ग्लँड पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी भरण, नवं. आत फिरून पाणी फेकणारा इम्पेलर गनमेटलचा, तो शाबूत निघाला. पहिल्या दिवशी ग्लँडमधून पाणी ठिबकताना पाहून वर्कशॉपमधल्या मुलाने पान्याने नट गच्च आवळला. गळती थांबली, मुलगा खूश. पाचच मिनिटांत शाफ्टवर हात ठेवता येईना. मेस्त्रींनी काही न बोलता त्याच्याच हाताने नट पाव फेरी सैल करवला आणि म्हणाले, "मोज." थेंब मोजत तो बसला. ग्लँडमधून थेंब पडत राहायलाच हवा, त्या थेंबानेच शाफ्ट गार राहतो. असं शिकवणारा माणूस मला दलात नवा भरती झालो तेव्हा मिळाला होता, त्याची आठवण आली.

आता तारखेची गोष्ट. माझी इच्छा होती की इंजिन 14 एप्रिलला सुरू व्हावं. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेल्या 66 जवानांचा जीव गेला. म्हणून 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. मी नोकरीत असताना दरवर्षी त्या दिवशी भायखळ्याला उभा राहिलोय. मेस्त्रींना मी हे सगळं सांगितलं होतं. 12 एप्रिल 2023 ला आम्ही कोरडी व्हॅक्यूम चाचणी घेतली. बंबात एक्झॉस्टची वाट अडवून तो जोर एका नोझलमधून काढतात, त्याने पंपातली हवा ओढली जाते. व्हॅक्यूम मीटरची सुई 22 इंचावर गेली, पण इंजिन बंद करताच घसरायला लागली. पंप कुठेतरी हवा घेत होता. मी म्हटलं, "असू दे, परवा घंटा वाजवण्यापुरता तरी द्या." ते म्हणाले, "भाऊ, त्या दिवसासाठी अर्धा बंब न्यायचा? तुम्हीच सांगा."

मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं. 9 मेला सुई 22 वर एक मिनिट जवळपास स्थिर राहिली, तेव्हा बंब घरी आला. पुढच्या वर्षी 14 एप्रिलला सकाळी मी अंगणात इंजिन सुरू केलं, घंटा वाजवली. पुतण्या आणि वाडीतली चार पोरं टोप्या काढून उभी राहिली.

काम खरं किती उतरलंय ते यंदाच्या मार्चमध्ये कळलं. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, वणवा लागला आणि वारा शेजाऱ्यांच्या हापूसच्या कलमांकडे वळला. बंब रस्त्यावर नेण्याची परवानगी माझ्याकडे नाही, पण आमच्या बागेतून त्यांच्या कडेपर्यंत आतली वाट आहे. विहिरीचा उपयोग नव्हता, पाणी तीस फूट खाली गेलेलं. पंप कितीही भारी असो, खालून पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. कागदावर 10.3 मीटर, प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे हिशेब धरू नये. म्हणून जुन्या चिरेखाणीत सक्शन, म्हणजे पाणी ओढायची नळी, टाकली, तिथे पाणी बारा-तेरा फुटांवर होतं. सेल्फने ऐन वेळी दगा दिला. हँडल मारलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, कारण उलटा फटका बसला तर मनगट जातं. दुसऱ्या झटक्याला इंजिन बोललं. चाळीस मिनिटं दोन ब्रँच, म्हणजे पाण्याचा फवारा मारायच्या तोट्या, चालवल्या. शेजाऱ्यांची सात कलमं होरपळली, बाकीची वाचली. पारा पूर्ण वेळ 80 च्या आसपास.

आता तक्रारी. तीन महिने म्हणाले, सात लागले. मासेमारीच्या हंगामात बोट आली की तुमचं काम बाजूला पडतं, ते तसं तोंडावर सांगतातही. फोन दुपारी चारच्या आधी उचलत नाहीत. बिल वहीच्या कागदावर मिळतं, सुटे भाग आणि मजुरी वेगळी लिहून मागितलीत तरच. माझी मजुरी 85,000 झाली, भाग आणि पंप धरून एकूण 2,60,000 च्या आसपास. सेल्फची वायर त्यांनी एक्झॉस्टच्या फार जवळून नेली होती, ती वितळली म्हणूनच मार्चमध्ये हँडल मारावं लागलं. ही त्यांची चूक, त्यांनी ती मान्य केली आणि नेवऱ्याला येऊन फुकट दुरुस्त केली. रंग मात्र त्यांना देऊ नका. माझ्या बॉनेटचा लाल रंग पहिल्याच पावसाळ्यात फुगला, खाली प्रायमर नीट नव्हता. खाऱ्या वाऱ्यात रंगाचं काम करणारा वेगळा माणूस शोधा.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरते आणि इंजिन फुरफुरत बंद पडतं. बॉनेटखाली रात्रभर साधा पिवळा बल्ब लावून ठेवा, हा त्यांचाच सल्ला, आणि तो लागू पडतो. खाडीचं पाणी उचललंत तर त्याच दिवशी दहा मिनिटं गोड्या पाण्याने पंप आणि कॉइल धुवायची, हेही त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

जाणार असाल तर ऑगस्टच्या आधी, बोटी किनाऱ्याला असताना, पण त्यांची ओव्हरहॉलची गर्दी संपत आल्यावर जा. इंजिन नंबरच्या प्लेटचा स्वच्छ फोटो आणि बोअरचं माप सोबत ठेवा. कॉइल लागणार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, कारण तांबटकाका गणपतीच्या आधीचा महिनाभर दुसरं काम घेत नाहीत.