तुळशीबागेतला दोरीचा चॉपर, स्लीव्ह सर्जरीनंतर सॉलिड (घट्ट) जेवण उतरत नव्हतं तेव्हा कामी आला

रेटिंग ५ पैकी ४

कोशिंबिरीला काकडी चिरायची म्हणून चॉपर बघत असाल तर घ्या, चांगला आहे, पण मी हे लिहितेय ते वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय आणि सॉलिड चालू करा म्हटल्यावर घास खाली उतरतच नाहीये अशा लोकांसाठी. मी त्यातून गेलेय. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर माझे तीन-चार आठवडे तरी रडण्यात गेले नसते.

वस्तू साधी आहे. प्लास्टिकचं भांडं, मधे दांड्यावर तीन स्टीलची पाती, वर झाकण आणि झाकणात दोरी, ओढली की पाती गरगर फिरतात. पुण्याच्या तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत ढिगाने मिळतो, माझ्या चॉपरवर ब्रँडचं नावसुद्धा नाहीये. २५० सांगितले, २२० ला दिला. मी घेतला तो छोटा, साडेचारशे मिलीचा, आणि छोटाच घ्या, का ते खाली सांगते.

आता मूळ गोष्ट. माझी स्लीव्ह झाली तेव्हा वजन १०८ होतं, उंची ५ फूट २ इंच, शुगर आणि गुडघे दोन्ही गेलेले. स्लीव्हमध्ये पोटाचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. पहिले दोन आठवडे लिक्विड, वरणाचं पाणी, पातळ ताक, सूप, प्रोटीन पावडर. ते निघून गेले. मग दोन आठवडे मिक्सरमधलं गुळगुळीत, मग मऊ, तेही ठीक. आणि मग हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर सातव्या आठवड्यासमोर एकच ओळ होती, नॉर्मल डाएट सुरू करा, चावून खा. बस. कागदावर मॅश्ड पोटॅटो आणि ओटमील होतं, पोळी-भाजी-वरण-भात खाणाऱ्या माणसाने काय करायचं ते कुठेच नव्हतं.

त्या रविवारी मी पोळीचा सुपारीएवढा तुकडा तोडला, वरणात बुडवला, चांगला वीस-पंचवीस वेळा चावला आणि गिळला. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, कोणीतरी बुक्की रोवून धरलीय असं वाटायला लागलं. तोंडात लाळ भरायला लागली, थांबेचना, पातळ नाही तर बुळबुळीत दाट लाळ, गिळली की परत वर. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या अगं घोटभर पाणी पी, उतरेल खाली. मी प्यायले आणि तिथेच चुकलं, कारण खाली जागाच नव्हती, पाणी त्या घासावर जाऊन बसलं आणि सगळं वर आलं. अन्न थोडंसंच, बाकी सगळा पांढरा फेस. वीस मिनिटं बेसिनला धरून उभी होते, नवरा पाठीवरून हात फिरवत होता आणि मला नुसतं वाटत होतं की आता आयुष्यभर हेच का.

ह्यात नक्की काय होतं ते मला नंतर समजलं. ती नळी अरुंद असते, पहिल्यासारखी ताणली जात नाही, आत ऑपरेशनची सूज असते, त्यात कोरडा किंवा चिकट घास गेला की तो अडकून बसतो आणि तो सरकवायला शरीर भराभर लाळ नि चिकट स्राव बनवत राहतं, तोच फेस म्हणून वर येतो. म्हणून पोळी, पाव, चिकट भात, कोरडं चिकन, शेवग्याच्या शेंगांसारख्या धाग्यांच्या भाज्या हे सगळ्यात जास्त त्रास देतात. आपल्याला वाटतं भात मऊ आहे म्हणजे चालेल, पण भात गोळा होऊन बसतो. मला पोळीपेक्षा भाताने जास्त छळलंय.

पुढचे तीन आठवडे मी काय केलं ते सगळ्यात वाईट, आणि हे बरेच जण करतात म्हणून मोकळेपणाने सांगते. जेवण उतरत नाही, मिक्सरची पेस्ट बघितली की उमासे येतात, मग जे उतरतं ते खायला लागले. चहात बुडवलेलं मारी बिस्किट, खारी, टोस्ट, संध्याकाळी दोन चमचे आइस्क्रीम. ते सगळं विरघळून सरळ खाली जातं, दुखत नाही, फेस नाही, घरच्यांनाही बरं वाटतं की चला काहीतरी खातेय. पण प्रोटीन जवळपास शून्य, अर्ध्या तासात परत खावंसं वाटतं, आणि एवढं पोट कापून घेतल्यावरही वजन परत चढायचा रस्ता हाच. माझे केस गळायला लागले, जिना चढताना पाय थरथरायचे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे म्हणतात, माझं तीस होत नव्हतं.

फोन केला की डाएटिशियन म्हणायची नीट चावून खा. अहो चावतेय हो. शेवटी दहाव्या आठवड्यात दुसऱ्या सर्जनकडे गेले, त्यांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघतात ती तपासणी, करून घेतली. हे मात्र चॉपरच्या आधी करा, मी अगदी कळकळीने सांगतेय. कधी कधी नळी खरंच एका जागी आकसलेली किंवा पिळलेली असते, गॅस्ट्रिक बायपास (वजनाचंच दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन) झालेल्यांचा पोट आणि आतड्याचा जोड आकसतो, आणि मग कितीही बारीक करून खाल्लं तरी उपयोग नाही, तिथे आतून फुगा टाकून रुंद करावं लागतं. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद होत असेल, रोज उलट्या होत असतील तर कोणाचे रिव्ह्यू वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सतत उलट्यांनी व्हिटॅमिन बी वन एवढं कमी होऊ शकतं की डोळ्यांना दोन दोन दिसतं, तोल जातो, ते लवकर भरून नाही काढलं तर मेंदूला कायमचं नुकसान होतं. माझ्या एंडोस्कोपीत अडथळा काही निघाला नाही, फक्त सूज. सर्जन म्हणाले, रस्ता मोकळा आहे, तुम्ही एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारलीत, मधली पायरी गाळलीत.

ती मधली पायरी म्हणजे हा चॉपर.

मिक्सरमध्ये उकडलेलं चिकन टाकलं की पाणी घालावं लागतं, नाहीतर फिरत नाही, आणि मग त्याची लगदा पेस्ट होते. ती उतरते पण थांबत नाही, चावायची सवय होत नाही आणि चव तर विचारू नका. हाताने चिरलं तर कितीही बारीक चिरा, एखादा तुकडा मोठा राहतोच आणि नेमका तोच अडकतो. चॉपरमध्ये पाणी न घालता दाणा ठेवता येतो आणि तो दाणा किती बारीक पाहिजे ते आपल्या हातात असतं. वीस वेळा ओढलं तर जाड रव्यासारखं, बारा वेळा ओढलं तर खिम्यासारखं, पाच-सहा वेळा ओढलं तर कुस्करलेल्या भाकरीसारखं. मी पहिल्या आठवड्यात वीस वेळा ओढत होते, दर आठवड्याला दोन-तीनने कमी करत गेले. माझी मुलगी ओट्याशी उभी राहून मोठ्याने मोजायची आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायची. २०, २०, १८, परत २० कारण त्या दिवशी अडकलं, मग १७. तो कागद मी अजून ठेवलाय.

पहिलं जे नीट उतरलं ते चिकनच. मांडीचं चिकन घ्यायचं, छातीचं नाही, छातीचं कोरडं पडतं. कुकरला आलं-लसूण मीठ लावून मऊ शिजवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, ६० ग्रॅम वजन करून चॉपरमध्ये, वीस वेळा दोरी, मग त्यातच एक चमचा दही आणि चिकन शिजवलेलंच दोन चमचे पाणी घालून परत दोनदा ओढायचं. ओलसर राहिलं पाहिजे, ओलसरपणावर सगळं आहे. मुलीच्या बारशाला आलेला चांदीचा चिमुकला चमचा काढला आणि त्याने खाल्लं, एक चमचा, चावला, गिळला, घड्याळात एक मिनिट थांबले, मग दुसरा. सात चमचे झाले. छातीत काही नाही. फेस नाही. मी अजून पाच मिनिटं तशीच बसले होते, विश्वास बसत नव्हता. ६० ग्रॅममध्ये १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जातं, म्हणजे मला आख्ख्या दिवसात जेवढं जमत होतं त्याच्या निम्मं एका वाटीत झालं.

मग हळूहळू बाकीचं. पनीर ह्यात फार सुंदर होतं, आठ वेळा ओढलं की मऊ मोकळं होतं, वरून ताकातलं पिठलं पातळसर ओतायचं. उकडलेलं अंडं चार वेळात होतं, त्यात मेतकूट आणि दही, हे माझं आजही सकाळचं खाणं आहे. मोड आलेले मूग आधी कुकरला मऊ करून मग चॉपर, कच्चे अजिबात नको. दुधी, लाल भोपळा वाफवून. मासे चॉपरमध्ये घालू नका, सुरमई नुसती बोटांनी मोकळी होते आणि हाताने कुस्करताना काटा लागतो, चॉपरमध्ये काटा बारीक होऊन लपला तर पंचाईत.

आता काय जमत नाही ते. पोळी ह्यात होत नाही. पात्यांना गुंडाळली जाते, दोरी अडकते आणि जे निघतं ते चिवटच राहतं, पोळीला चॉपर हा उपाय नाही, वेळ हाच उपाय आहे, मला पाचव्या महिन्यात अर्धा फुलका जमला. त्याआधी ज्वारीची भाकरी जमली, शिळी भाकरी ताकात तासभर भिजवून मग पाच वेळा दोरी, ही उतरते. भात मी सोडूनच दिलाय.

वस्तू म्हणून तक्रारी आहेत त्या पण सांगते. एक तर अगदी थोडं घातलं, म्हणजे दोन चमचे वगैरे, तर पाती वरून फिरतात आणि खालचं तसंच राहतं, आणि आपल्याला तर थोडंच लागतं. त्यावर मी असं करते की चार वेळचं एकदम काढते आणि छोट्या डब्यांत फ्रीजला ठेवते, दोन दिवसांच्या वर नाही. म्हणूनच मोठा चॉपर घेऊ नका, मी मधे ९०० मिलीचा ऑनलाइन मागवला होता, त्यात पाव किलो घातल्याशिवाय काही होत नाही, तो आता सासूबाई कांद्याला वापरतात. दुसरं, झाकण नळाखाली धरू नका, आतली स्प्रिंग गंजते आणि दोरी परत आत जात नाही, माझा पहिला ह्याच कारणाने तीन महिन्यांत गेला. झाकण ओल्या फडक्याने पुसायचं, भांडं आणि पाती धुवायची. पातं धुताना जपून, दिसतं त्यापेक्षा फार धारदार आहे. तिसरं, गरम काही घालू नका, प्लास्टिकला वास धरतो, हळदीचा डाग तर जातच नाही. एक स्टार ह्या सगळ्याचा कापलाय.

आणि चॉपर आणला म्हणून बाकीचे नियम सुटत नाहीत. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. जेवण वीस मिनिटांत, त्याहून रेंगाळलं की ते नुसतं टुकटुक खात राहणं होतं. छातीत दाब आला, उचकी आली किंवा एकदम नाक गळायला लागलं की तोच शेवटचा घास, माझं नाक आधी सांगतं. आणि टीव्ही बंद. व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह, आयर्न, कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर, त्या चुकवायच्या नाहीत.

बाहेर जाताना पण मी हा पिशवीत घेऊन जाते. नणंदेच्या मुलाच्या मुंजीत पंगतीला बसले तेव्हा आधी लाज वाटत होती, सगळे आग्रह करत होते, घे गं एक जिलेबी, एवढीशी काय खातेस. मी स्वयंपाकघरात जाऊन पनीरची भाजी धुऊन घेतली, आठ वेळा दोरी ओढली आणि वाटी घेऊन परत पानावर येऊन बसले. शेजारच्या एक आजी बघत होत्या, म्हणाल्या माझ्या कवळीला पण हे चालेल की गं, कुठे मिळतं? त्यांना पत्ता सांगितला.

आज आठ महिने झालेत, वजन ७९ आहे, शुगरची गोळी डॉक्टरांनी बंद केलीय. कॅलेंडरवर आता ० लिहिलेलं असतं बऱ्याच दिवसांना, म्हणजे अंडं, मासे, भाजी न चिरता खाते, चिकनला मात्र अजून पाच वेळा ओढावंच लागतं. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच झाकण लावून दहा वेळा दोरी ओढून बघा, दर वेळी सरळ आत गेली पाहिजे, अर्ध्यात थांबत असेल तर दुसरा द्या म्हणावं, देतात. झाकण एकटं सुटं मिळत नाही, दोनदा विचारून आलेय.