जबाबदार एआयवर संशोधन: फ्रीडमन यांची वाट की बुओलाम्विनी यांची?

एम.टेक. किंवा पीएच.डी.साठी 'जबाबदार एआय' हा विषय घ्यावा असं वाटणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा तत्त्वांच्या याद्यांपाशी अडते. पारदर्शकता, न्याय, उत्तरदायित्व हे सगळं पटतं, पण सोमवारी सकाळी नेमकं काम काय करायचं? त्याचं उत्तर देणाऱ्या दोन पद्धती मला सर्वांत भक्कम वाटतात.

पहिली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बात्या फ्रीडमन यांची, १९९० च्या दशकापासून घडत आलेली: व्हॅल्यू सेन्सिटिव्ह डिझाइन, म्हणजे माणसांच्या मूल्यांचं भान ठेवून केलेली रचना. यंत्रणा कोण वापरणार आणि न वापरताही तिची झळ कोणाला लागणार, हे दोन्ही बांधणीआधी शोधायचं. त्यांच्या गटाने विद्यापीठातल्या चौकाचं थेट दृश्य ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. आत बसलेल्यांना ते आवडलं. एवढ्यावर प्रयोग यशस्वी ठरवता आला असता. पण त्यांनी चौकातून ये-जा करणाऱ्यांनाही विचारलं, आणि पुरुषांपेक्षा जास्त स्त्रियांना ते खटकलं. नुसत्या वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या असत्या तर हे कधीच हाती लागलं नसतं.

दुसरी पद्धत ऑडिटची, म्हणजे चालू यंत्रणा तपासून तिच्या चुका मोजण्याची. एमआयटीच्या जॉय बुओलाम्विनी यांनी टिमनिट गेब्रू यांच्यासोबत २०१८ मध्ये सहा देशांच्या लोकप्रतिनिधींचे १,२७० चेहरे घेऊन आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि फेस++ यांच्या चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या सेवा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पुढच्या वर्षी बुओलाम्विनी आणि डेबोरा राजी यांच्या फेरतपासणीचे निकाल आले, तेव्हा या तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच घटल्या होत्या. आधीच्या यादीत नसलेल्या अॅमेझॉनची सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीतली चूक मात्र ३१ टक्क्यांच्या पुढे होती. नाव घेऊन आकडा मांडला की कंपन्या हलतात, एवढं त्यातून दिसलं.

आता निवडीचं. ऑडिटला कंपनीची परवानगी लागतेच असं नाही. बाहेरून सेवा वापरता येत असेल तर एकटा विद्यार्थीही ते दोन वर्षांत तडीस नेऊ शकतो, आणि परीक्षकांपुढे ठोस आकडे ठेवता येतात. फ्रीडमन यांच्या पद्धतीला यंत्रणा बांधणारी टीम सुरुवातीपासून सोबत हवी, लोकांमध्ये वेळ घालवायला हवा. असा गट जवळ नसेल तर हा हट्ट धरू नये.

पण ऑडिटची मर्यादा गंभीर आहे. आपण जे मोजायचं ठरवतो तेवढंच ते दाखवतं. चेहरा अचूक ओळखला गेला, तरी ती यंत्रणा पोलिसांच्या हाती असावी का, हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय भारतात फक्त त्वचेचा रंग मोजून कसं भागेल? नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नेमकं हेच मांडलं: पाश्चात्त्य न्याय्यतेची चौकट इथे जशीच्या तशी लागू होत नाही, जात, धर्म, वर्ग यांचा विचार करावा लागतो, आणि मुळात डेटातच अनेक माणसं नसतात.

म्हणून माझा कौल असा: हातात चालू यंत्रणा असेल तर ऑडिट घ्या, पण कोणते गट मोजायचे ते इंटरनेटवरच्या तयार डेटासेटवरून ठरवू नका. कर्ज नाकारणारं अॅप तपासत असाल, तर अर्ज नाकारलेल्यांशी आणि फोन नावावर नसल्याने अर्जच न करू शकलेल्या बायकांशी आधी बोला. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांच्या बोलण्यातून निघू द्या. यंत्रणा अजून कागदावर असेल आणि टीम ऐकणारी असेल, तर बिनदिक्कत फ्रीडमन यांची वाट धरा.