थंडी सोसणाऱ्या अंजिराची साठ रोपे

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतात. गेल्या वर्षी जानेवारीत अशाच एका छायाचित्राखाली ‘बर्फातही जगणारे अंजीर’ अशी ओळ जोडलेली जाहिरात माझ्या मोबाइलवर आली आणि ३२ वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस त्या एका चित्राला भुलला. मी वाईचा. पसरणीचा घाट चढून गेल्यावर भिलारच्या अलीकडे आमची १५ गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. आजूबाजूला सगळी स्ट्रॉबेरी, आणि निवृत्तीनंतर आपण काहीतरी वेगळे लावावे ही माझी हौस.

विक्रेता बोलायला अत्यंत नम्र होता. ‘शिकागो हार्डी’ नावाची अमेरिकन जात आहे, मातृवृक्ष थेट तिकडून आणले आहेत, उणे पंधरा अंशांतही झाड मरत नाही आणि दुसऱ्याच वर्षी फळ धरते, असे त्याने सांगितले. एका रोपाला ४८० रुपये, अशी ६० रोपे म्हणजे २८,८०० रुपये. निम्मे पैसे मी त्याच दिवशी मोबाइलवरून पाठवले आणि उरलेले फेब्रुवारीच्या अखेरीस टेम्पो दारात आल्यावर रोख दिले.

त्या नावाची जात खरोखर आहे, हे मी आधी सांगतो, कारण फसवणूक खऱ्या गोष्टीच्या आधारानेच उभी राहते. मात्र तिचा काटकपणा म्हणजे काय, हे मी पैसे गेल्यानंतर वाचले. कडक हिमाच्या प्रदेशात तिचा जमिनीवरचा भाग पुष्कळदा पूर्ण जळतो. जमिनीखाली झाकलेली मुळे तेवढी वाचतात, वसंतात बुडातून नवे धुमारे फुटतात आणि त्या नव्या फुटीवरच त्याच हंगामात फळ येते. जुन्या फांदीवर धरणारा पहिला बहार गेला तरी दुसरा हाती लागतो, एवढीच तिची थोरवी. म्हणूनच तिकडचे हौशी लोक झाडाला पोती, पेंढा गुंडाळतात, फांद्या वाकवून मातीत पुरतात, नाहीतर कुंडीतले झाड उचलून हिवाळाभर तळघरात ठेवतात.

आता आपल्याकडचे पाहा. वेण्णाकाठी गवताच्या पात्यावर बर्फ दिसतो तेव्हा हवेचे तापमान बहुधा शून्याच्या काही अंश वरच असते. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची उष्णता झपाट्याने निघून जाते म्हणून तेवढा पृष्ठभाग गोठतो. एवढी थंडी कोणतेही साधे अंजीर सहज सोसते. अंजिराला आपल्या डोंगरावर खरा त्रास आहे तो पावसाचा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या बाजूला तो बराच कमी असला, तरी चार महिने धुके आणि ओल हटत नाही, आणि ओलीत पानांवर तांबेरा येतो, फळ फुटते, आंबते. पुरंदरच्या ज्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत पिकते, हे मला चांगले ठाऊक होते. तरीही ‘पावसात हे झाड कसे राहते?’ हा एकच प्रश्न मी विचारला नाही. ज्या गुणाची मला गरजच नव्हती, त्याची मी दामदुप्पट किंमत मोजली.

चैत्रात गावच्या यात्रेसाठी पत्नीचे मामा आले. त्यांची हयात पुरंदर तालुक्यात अंजिराच्या बागेत गेली आहे. टवटवीत पानांचे एक रोप त्यांनी हातात घेतले, बुडाशी हळूच हलवून पाहिले आणि मला न विचारताच पिशवी उभी चिरली. माती भुसभुशीत गळून पडली. हातात राहिली ती वीतभर काडी. खालच्या कापाला धड गाठसुद्धा आली नव्हती.

“जावईबापू, काडीच्या अंगात साठलेलं असतं तेवढ्यावर पानं फुटत्यात. मुळं कुठायत?”

अंजिराची काडी मुळाआधी पान काढते, ही यातली मेख आहे. जानेवारीत छाटून पिशवीत खोचलेली काडी महिन्याभरात हिरवीगार दिसते आणि विकली जाते. उन्हे वाढली की पानांना पाणी पुरवायला मुळे नसतात आणि ती माना टाकते. पक्व काडीचे, चार-सहा डोळ्यांचे छाट कलम चांगले मुळावून वर्षभराचे झाले, की पावसाळ्याच्या तोंडावर लावायचे, ही मामांकडची साधी रीत. माझ्या ६० पैकी ४२ पिशव्यांत अशा बिनमुळाच्या काड्या होत्या आणि वैशाख संपेपर्यंत त्यांतली एकही उरली नाही.

उरलेल्या १८ रोपांना मात्र भरपूर मुळे होती, म्हणून मला क्षणभर हायसे वाटले. मामांना वाटले नाही. कलमाच्या रोपात जुनी कापलेली जाड काडी दिसते आणि तिच्या बगलेतून कोंब आलेला असतो. इथे मातीतून सरळ एकच निमुळते खोड वर आले होते. म्हणजे ती बियांपासून उगवलेली होती. आपल्या पुना अंजिराचे फळ परागीभवनाशिवाय धरते, त्यामुळे त्याचे बी पोकळ असते, उगवत नाही. उगवते ते तुर्कस्तानाकडून येणाऱ्या सुक्या अंजिराचे. पुडक्यातली सुकी अंजिरे भिजवून कोणी ही रोपे केली असावीत, असा माझा अंदाज आहे. अशा रोपांपैकी साधारण निम्मी नर वळणाची निघतात, त्यांचे फळ खाण्याजोगे नसते. बाकीच्यांतल्या अनेकांना फळ धरायला एक विशिष्ट बारीक माशी लागते. आपल्या उंबरातली चिलटे त्या कामाची नाहीत, कारण त्यांचा संसार उंबरापुरताच असतो. उंबर फोडून केंबरे काढू नयेत म्हणतात. मी ती पैसे देण्यापूर्वीच काढायला हवी होती.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘गुरुजी, पाणी जास्त झालं असणार’ असे उत्तर आले. परदेशातून झाडे आणल्याचा आयात परवाना आणि पीक-आरोग्य प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर त्याने फोन घेणेच बंद केले. २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशानुसार ही दोन्ही कागदपत्रे बाहेरून कलमे आणणाऱ्याकडे असावीच लागतात, आणि ती मागायला माझे काहीही खर्च झाले नसते.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ती अजून सरलेली नाही. दोन पिशव्या मातीसह तशाच बांधून ठेवल्या आहेत, जाहिरात आणि संदेशही जपले आहेत. वकिलांनी सर्वांत आधी पावती मागितली. तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे, रक्कम आहे, आणि मालाच्या रकान्यात एवढेच लिहिले आहे : ‘रोपे, ६० नग’.